रुपयाभार

चांदी वर गेली की माझा फोन वाजायला लागतो. सोन्याचं काही झालं तर मला कोण विचारत नाही, पण चांदीनं टीव्हीवर उडी मारली की दोन दिवसांत पाहुण्यांतला, कंपनीतला नाहीतर गल्लीतला कोणतरी "दादा, जरा काम होतं" म्हणून सुरू करतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे. "आमच्यात आज्जीचे रुपये हाईत, राणीचे. त्याचं काय येईल?" राणी म्हणजे व्हिक्टोरिया.

परवाचा फोन मेहुणीच्या दिराचा होता, कागलकडं असतो. चौदा रुपये आहेत म्हणाला. म्हटलं राणीचे की राजाचे? "रुपयेच की ओ, चांदीचे." बरं, साल काय आहे? "साल कोण बघितलंय दादा, हळदीकुंकू बसलंय त्याच्यावर, जोडून गोळा झालाय नुसता." दोन्ही बाजूंचे फोटो पाठव म्हटलं आणि फोन ठेवला. त्या वेळी एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती लक्षात आली तोवर उशीर झाला होता.

मी काही सराफ नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, दिवसभर कास्टिंग बघायचं, भोकं शोधायची, रिजेक्ट म्हणून खडूची फुली मारायची आणि प्रोडक्शनवाल्यांच्या शिव्या खायच्या. नाण्यांचा नाद लागला त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. आमच्याकडं 'नाद खुळा' म्हणायची पद्धत आहे, त्यातलं बायको फक्त दुसरा शब्द म्हणते.

तर त्या प्रश्नाचं उत्तर. काय येईल? आधी नुसत्या चांदीचा हिशेब बघू, कारण निम्म्या लोकांना तेवढाच पाहिजे असतो. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखात एकसारखा रुपया चालू केला, वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या काट्यावर ११.६६ ग्रॅम. त्याआधी जाल तिथला रुपया वेगळा आणि एकाचा दुसरा करायचा म्हणजे बट्टा आला, सराफाचं पोट त्या बट्ट्यावर चालायचं. नवा कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया मात्र सगळीकडं सारखा, इतका की लोक त्याचंच वजन करून टाकायचे. आमची आज्जी वाण्याकडं हिंग मागताना 'रुपयाभार दे' म्हणायची ते मला लहानपणी एक रुपयाचा हिंग असं वाटायचं, आणि एवढा हिंग एक रुपयात कसा येतो याचं लई आश्चर्य वाटायचं. या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. किलोचा भाव सोपा म्हणून एक लाख धरा (आजचा भाव मी लिहीत नाही, तुम्ही वाचेपर्यंत तो बदललेला असतो), तर एका रुपयात १०६९ रुपयांची चांदी झाली. वापरून झिजलेला असेल तर काट्यावर ११.४ पण भरतो, तेवढं वजा करायचं.

पण हा हिशेब १९३९ पर्यंतच्या रुपयाचा. १९४० पासून, महायुद्ध चालू होतं, चांदी पुरेना, म्हणून सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. बाहेरनं तोच मुकुटवाला राजा, तेच वजन, आणि आत अर्धा माल. मग १०६९ चे होतात ५८३. १९४७ ला ती अर्धी चांदी पण गेली आणि मागं वाघ असलेला निकेलचा रुपया आला. आता गंमत बघा, घरोघरी जे रुपये निघतात त्यात १९४० ते ४५ चे बक्कळ असतात, आणि घरचे ते सगळे 'राणीचे' म्हणून सांभाळत असतात. मी साल विचारतो ते त्यासाठी. पण फोनवर "तुमच्या आज्जीच्या रुपयात अर्धं तांबं-निकेल आहे" असं सांगितलं की समोरचा माणूस गप्प होतो, जणू मी आज्जीलाच काहीतरी बोललो. एक पाहुणा तर तेव्हापासून लग्नात भेटला तरी बोलत नाही.

गुजरीत हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. गुजरी म्हणजे आमची सराफ गल्ली, अंबाबाईच्या देवळापासून चालत पाच मिनिटं. तिथं एका दुकानात माझा शाळेतला मित्र काउंटरला बसतो. बाई येते, पिशवीतनं रुपये काढते, हा एक नजर टाकून दोन ढीग करतो, राणीचे आणि सातव्या एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे एका बाजूला, चाळीसच्या पुढचे दुसऱ्या बाजूला, शंका आली तर दगडावर घासून टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते, बघतो, मग काटा, घट वजा, पैसे मोजून द्यायचे. तो लबाड नाही. त्याच्या दृष्टीनं ती मोड आहे, जशी तुटलेली साखळी तसा रुपया. तिथनं माल हुपरीकडं जातो. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीवरच जगतं, पैंजण घडवणारी घरं गल्लोगल्ली. रुपये मुशीत पडतात, राणीचा चेहरा आधी मऊ होतो, मग नाही होतो, आणि महिन्याभरात ती कुणाच्यातरी पायात वाजत असते. मी एकदा उभा राहून बघितलंय. वितळलेलं लोखंड रोज बघणारा माणूस मी, पण तिथनं जरा लवकरच बाहेर आलो.

मोड आणि नाणं यातला फरक मला पहिल्यांदा घरातच कळला, तोही उशिरा. आमच्यात लक्ष्मीपूजनाला सात रुपये मांडायचे. वसुबारसेच्या दिवशी आई ते डब्यातनं काढायची, आधी चिंचेनं आणि नंतरच्या काळात पितांबरीनं खसाखसा घासायची, आरशासारखे करायची, मग ताटात तांदळावर मांडायची. दरवर्षी. आईच्या आधी आज्जी राखेनं घासायची. म्हणजे साठ-सत्तर वर्षं प्रत्येक दिवाळीला त्या राणीच्या गालावरनं थोडी थोडी चांदी आम्ही गटारीला सोडली. हा नाद लागल्यावर मी पहिल्यांदा भिंग घेऊन ते सात बघितले तर चेहरा गुळगुळीत, केस नाहीत, अंगावरच्या कपड्याची नक्षी नाही, जिकडं तिकडं बारीक ओरखडे. पाच रुपये १८६२ चे. तसं १८६२ म्हणजे फार काही नाही, ते साल सरकारनं ठशावर तसंच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले, त्यामुळं ते मुबलक मिळतात, पण बॉम्बेच्या टाकसाळीच्या काहींवर मागच्या बाजूला बारीक टिंबं असतात आणि त्या टिंबांवरनं नाणं नक्की कुठल्या वर्षी पडलं याचा अंदाज लावत लोक रात्री जागवतात. आमच्या पाचावर टिंबं होती का नव्हती ते आता देवच जाणे. पितांबरीनं सोळा आणे काम केलं होतं.

नाणेवाल्यांच्या जगात घासलेलं नाणं म्हणजे उतरलेलं नाणं. चांदीवर वर्षानुवर्षं जो काळपट, निळसर, कधी मधासारखा रंग चढतो तो मळ नाही, ती त्याची कातडी. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लक्ष्मीम्होरं काळं ठेवू?" यावर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं. तिच्याकडं ते सात पूजेचे आहेत, माझ्याकडं ते 'क्लीन्ड' आहेत, आणि दिवाळीत घर तिचं असतं.

फसलो कसा ते पण सांगतो, नाहीतर सगळे म्हणतील हा मोठा शहाणा. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलो होतो, सासनकाठ्या, गुलाल, पाय ठेवायला जागा नाही, आणि खाली उतरताना रस्त्याच्या कडेला एकजण चादर टाकून बसलेला. चादरीवर ताईत, कवड्या, रुद्राक्ष आणि नाणी. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं हनुमानवालं 'हाफ आणा' होतं त्यात, ते मी ओळखलं आणि मनातल्या मनात हसलो पण. कंपनीनं असलं हनुमानाचं नाणं कधी काढलंच नाही, ते सगळे अलीकडचे टोकन, आणि लोक ते लाखाला जाईल म्हणून देव्हाऱ्यात ठेवतात. तर त्याला हसलो आणि शेजारचा राणीचा रुपया चारशेला घेतला. चांगला काळसर, जड वाटला. घरी येऊन काट्यावर टाकला, १०.२ ग्रॅम. भिंग लावलं तर कडेवर बारीक रेघ, साच्याचे दोन भाग जुळतात ती. अक्षरांच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी भोकं. ओतलेलं नाणं! टाकसाळीचा रुपया ठसा मारून पाडलेला असतो, त्यात भोकं येतीलच कशी? ज्या दोषांसाठी मी दिवसाला पन्नास कास्टिंगवर फुली मारतो तेच दोष चारशे रुपये देऊन घरी आणले होते. व्यास मोजला तर तो पण अर्धा मिलिमीटर कमी, कारण खऱ्या नाण्यावरनं साचा काढून धातू ओतला की थंड होताना तो आकसतो. हे मी पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो. आपलंच नाणं खोटं, दुसरं काय. तो रुपया मी कंपनीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

त्यानंतर एक सवय लागली. छोटा डिजिटल काटा, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करायचा, रुपयाला दोरा बांधून पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. काटा जो आकडा दाखवतो त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. जुना चांदीचा रुपया पाण्यात साधारण १.१३ दाखवतो, भागाकार १०.३ च्या आसपास येतो. चाळीसच्या पुढचा १.२२ दाखवतो. पितळेचा याच्यापेक्षा जास्त. हे बिना ओरखड्याचं टंच आहे, नाण्याला काही होत नाही. वाजवून बघणं मी सोडलं नाही, खणखणीत नाणं म्हणतात ते उगाच नाही, पण एक कान फौंड्रीनं घेतलाय माझा, त्यामुळं काट्यावर जास्त विश्वास.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत तीन दिवस होतं, तळमजला गेला. नाण्यांचा बॉक्स लोखंडी कपाटात खालच्या खणात, कारण मीच हुशारी करून 'जड वस्तू खाली' ठेवली होती. पाणी उतरल्यावर उघडला तर रुपयांना काही झालं नव्हतं. चिखल धुतला की संपलं, दीडशे वर्षं माणसांच्या हातातनं गेलेलं नाणं पंचगंगेला काय घाबरतंय. (स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटांनी उलट जास्त नुकसान केलं होतं, पीव्हीसीची ती, वर्षभरात आत हिरवट चिकट थर धरतात. घेताना मायलरची घ्या.) गेल्या त्या चिठ्ठ्या. प्रत्येक नाण्याबरोबर मी एक कागद ठेवायचो, कुठं मिळालं, कुणाकडनं, किती दिले, काय बोलणं झालं. 'गडहिंग्लजची म्हातारी, सासऱ्यांनी मुंहदिखाईला दिलेला.' 'पन्हाळ्याकडचा रिक्षावाला, बापाच्या मळलेल्या कोटाच्या अस्तरात शिवलेला.' असल्या दोनशेवर चिठ्ठ्या. शाईचा लगदा झाला. रुपये आहेत तसे राहिले पण एडवर्ड सारखाच दुसरा एडवर्ड, कुठला कोटातला कुठला मुंहदिखाईचा, ओळखू येईना. म्हणजे मी इतकी वर्षं जे गोळा करत होतो ते नक्की काय होतं, असं झालं.

आणि घर उभं करायला पैसे पाहिजे होते. विकायला काढले.

विकणाऱ्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय हा धंदा कळत नाही. पुण्यातला एक व्यापारी, नाव नको, माझ्याच नाण्यांवर भिंग फिरवत होता, आणि मी ज्याला 'एक्स्ट्रा फाईन' (नाणं किती कमी झिजलंय त्याची ही प्रत) म्हणून घेतलं होतं त्याला तो 'व्हेरी फाईन' म्हणत होता, व्हेरी फाईनला 'फाईन', आणि फाईनला नुसतं "हं". त्यातले चार मी त्याच्याकडनंच घेतले होते! घेताना त्यानंच ते एक्स्ट्रा फाईन म्हणून दिले होते. हे बोललो तर म्हणाला, "साहेब, तेव्हा लाईट वेगळा होता." हसू आलं मला, राग पण आला, पण पैशाची घाई कपाळावर दिसत असते आणि समोरच्याला ती नाण्याच्या आधी वाचता येते. साधे रुपये त्यानं चांदीच्या भावाला धरले, चांदी तेव्हा चाळीस-पंचेचाळीस हजाराच्या घरात होती, बरे होते त्यांना थोडं वर. नव्वद नाणी गेली. परतीच्या बसमध्ये मी हिशेब केला तर घेतल्या किमतीपेक्षा तोटा नव्हता, फायदा पण म्हणावा असा नव्हता. पण एक गोष्ट डोक्यात बसली. मी इतकी वर्षं लोकांच्या कपाळावरची घाई वाचत होतो.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गुजरीतल्या मित्राचा फोन आला, "ये जरा, एक मावशी आल्यात, तुझ्या कामाचं काहीतरी दिसतंय." गेलो. करवीर तालुक्यातल्याच कुठल्यातरी गावच्या, नऊवारी, पदराच्या गाठीतनं काढलेले अकरा रुपये काउंटरवर. नातवाची फी भरायची होती. दहा साधे. अकरावा १९११ चा.

हा १९११ चा रुपया म्हणजे एक प्रकरण आहे. पाचवा जॉर्ज गादीवर आला, त्याचा नवा रुपया निघाला, त्याच्या अंगावरच्या झग्यावर साखळीत एक हत्ती कोरलेला. पण कोरणाऱ्यानं सोंड इतकी आखूड केली की तो हत्ती डुकरासारखा दिसायला लागला. लोकांत बोभाटा झाला, आधीच वातावरण तापलेलं, मुसलमान प्रजा त्या रुपयाला हात कसा लावणार, तर सरकारनं घाईघाईनं तो मागं घेतला, पाडलेल्यांतले बहुतेक वितळवले आणि १९१२ ला नीट सोंडेचा हत्ती काढला. बाहेर गेलेले थोडेच, त्यामुळं संग्राहकांत त्याला 'पिग रुपी' म्हणून मान आहे. साध्या जॉर्जला चांदीच्या थोडं वर मिळतं, याला कितीतरी जास्त.

पण मावशींच्या रुपयाला वरच्या बाजूला डाग होता. म्हणजे कधीकाळी कडी जोडून तो गळ्यात घातलेला, नंतर कडी मोडलेली, डाक लावलेल्या जागी खरबरीत ढेकूळ. संग्राहकाच्या भाषेत किंमत निम्म्याच्या खाली. तरी चांदीच्या तिप्पट तरी होतीच.

पूर्वीचा मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, मित्रालाही माहीत आहे, म्हणून तर त्यानं फोन केला. अकराच्या अकरा मोडीच्या भावानं घेतले असते, वर शंभर जास्त देऊन उपकार केले असते आणि चिठ्ठीत लिहिलं असतं, 'गुजरी, मावशी, नातवाची फी.' या वेळी ते जमलं नाही. म्हटलं, मावशी, दहा रुपये यांना द्या चांदीच्या भावानं, हा एक त्यात घालू नका. याचे मी तुम्हाला तिप्पट देतो. का ते पण सांगितलं, हत्तीचं, डुकराचं, सगळं.

मावशींनी ऐकून घेतलं. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मित्राकडं. "तिप्पट का म्हणून देतोस? चांदी तर तेवढीच हाय न्हवं?" म्हटलं, चांदी तेवढीच आहे मावशी, पण हा दुर्मिळ आहे. "मग तू त्यो किती ला विकशील?" मी खरं तेच सांगितलं, विकणार नाही, ठेवणार. तिथं सगळं बिनसलं. ठेवायसाठी कोण तिप्पट देतंय? त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की हे दोघं मिळालेले आहेत, आणि या रुपयात काहीतरी मोठं घबाड आहे जे आपल्याला सांगत नाहीत. त्यांनी अकराच्या अकरा उचलले, पदराच्या गाठीत बांधले, "पोराला इचारून येते" म्हणाल्या आणि गेल्या. मित्र माझ्याकडं असा बघत होता की आता काय बोलू. "भावा," म्हणाला शेवटी, "चांगुलपणा करायची पण एक पद्धत असती."

चार महिन्यांनी त्यानंच सांगितलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात मावशींनी सगळे मोडीत घातले. वजनावर. त्या दुकानदारानं विचारला तेवढा भाव सांगितला, दुसरं काही बोलला नाही, म्हणून बहुतेक तो खरा वाटला असेल. अकरावा रुपया हुपरीला गेला असणार. सरकारनं शंभर वर्षांपूर्वी जो वितळवायचा राहिला होता तो मी खरं बोलून वितळवला.

तेव्हापासून मी तिप्पट वगैरे एकदम बोलत नाही. आधी चहा, मग गाव कुठलं, मग तुमच्याकडं हा आला कसा, असं अर्धा तास. हे सगळं आता एका वहीत लिहितो, वही वरच्या मजल्यावर असते. कुणी शेतात नांगरताना गाडगं सापडलं म्हणून फोन केला तर मात्र चहा पण नाही, सरळ कलेक्टर ऑफिस सांगतो, १८७८ चा कायदा आहे निधी सापडल्याचा, त्यात मी पडत नाही. आणि वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखाला जातंय, आधी रजिस्ट्रेशनचे तेवढे भरायला सांगितलेत, असं म्हणणाऱ्याला शिव्या घालतो. रिझर्व्ह बँकेनं २०२१ ला जाहीर सांगितलंय की आमच्या नावानं जुन्या नाण्यांचं कमिशन मागणाऱ्यांना पैसे देऊ नका, तरी पाहुण्यांतले दोघं फी भरून मोकळे झाले.

मेहुणीच्या दिराचे फोटो काल रात्री आले. चौदा रुपये, दोन्ही बाजू, देव्हाऱ्याच्या पाटावर ओळीनं लावलेले. आठ चाळीसच्या पुढचे, ते लगेच दिसलं. पाच व्हिक्टोरिया. आणि एक, डाव्या कोपऱ्यातला, कोल्हापूरचाच वाटत होता, म्हणजे आपल्या पन्हाळ्याच्या टाकसाळीचा, ज्याला शंभू पीरखानी म्हणायचे तो. जाडा, वाकडा, अर्धी अक्षरं नाण्याच्या बाहेर गेलेली. वाटत होता म्हणतोय कारण झूम करून करून डोळे दुखले पण उरलेली अर्धी अक्षरं लागेनात. सगळा पाटच चमकत होता, फ्लॅश पडून पांढरा ढब्बा दिसत होता नुसता.

खाली मेसेज होता. "दादा, तुम्हाला नीट दिसावं म्हणून बायकोनं दुपारभर बसून पितांबरीनं घासलेत. आता सांगा."